अंग झाडलं की मंजूर

जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस मायाळू असतो, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं हो. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस चिडका होतो. लाथा खायच्या, शिंगं चुकवायची, शेणानं माखलेल्या शेपटीचा फटका तोंडावर घ्यायचा, आणि वरून मालक म्हणणार, "भाऊ, जरा जपून, लय गरीब हाय ते." गरीब! अशाच एका गरिबानं माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी फोडली. थंडी सुरू झाली की अजून ठणकते.

मी डॉक्टर नव्हतो, हे आधीच सांगतो. मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर साहेब तालुक्याला बसतात आणि पर्यवेक्षक मोटारसायकलवर रानोमाळ हिंडतो. लस टोचायची, जखमांतल्या अळ्या काढायच्या, अडलेल्या गाईला खांद्यापर्यंत हात घालायचा, वाघानं बैल मारला की वनखात्याच्या माणसाशेजारी नाकाला रुमाल लावून उभं राहायचं. लोक मात्र मला डाक्टरभाऊच म्हणत आणि मीही कधी कोणाला अडवलं नाही.

यात एक काम असं होतं की त्याबद्दल कोणी विचारत नाही. बरं न होणारं जनावर संपवायचं. सरकारी मराठीत त्याला दयामरण म्हणतात. आम्ही आपसात 'सोडवणं' म्हणायचो. त्याची रीत ठरलेली असते. आधी गुंगीची सुई. जनावर बसतं, मान टाकतं, त्याला आपलं भान राहत नाही. मग दुसरी सुई शिरेत, तिनं काळीज थांबतं. पहिली सुई जनावराला भीती वाटू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपल्याला चावू नये म्हणूनही. हा क्रम मोडायचा नाही, असं मला शिकवलं होतं. मी कधी मोडला नाही. पुढे जे घडलं ते याच क्रमापायी घडलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घुग्घुसला असताना मला डॉक्टर मिनेझिस साहेब भेटले. मूळचे गोव्याचे, नोकरीनं कोळशाच्या धुळीत आणून टाकलेले. घुग्घुसची शेळी पांढरी जन्मते आणि महिन्याभरात राखाडी होते, यावर साहेब रोज नव्यानं आश्चर्य करायचे. औषधापेक्षा त्यांना शब्दांचा नाद जास्त. इंजेक्शन भरता भरता विचारणार, "हा शब्द कुठून आला असेल रे?" मी म्हणायचो, "साहेब, आधी सुई टोचा, बैल जागा झाला."

बकरी ईदच्या आधी तिथले हमीदचाचा आपला बोकड दाखवायला आणायचे. सायकलींचं दुकान होतं त्यांचं. वर्षभर घरात वाढवलेला, नातवंडांच्या ताटातलं खाणारा बोकड. "डाक्टरसाब, देख लो, कोई ऐब तो नई?" कुर्बानीच्या जनावराला खोट चालत नाही. लंगडं नको, आंधळं नको, मुळापासून शिंग तुटलेलं नको. साहेब दात बघायचे, खूर बघायचे आणि चाचा तोंड फिरवून डोळे पुसायचे. एकदा साहेबांनी विचारलं, "चाचा, इतकं रडू येतं तर एखादा बाजारातला आणून कापा ना." चाचा म्हणाले, "साब, कुर्बानीतला कुर्ब म्हणजे जवळ येणं. जो जवळचा नाही, तो देऊन मी कोणाच्या जवळ जाऊ?"

साहेब खूश! दिवसभर तोच विषय. त्यांच्या आजीच्या घरी पोर्तुगीज बोलत. तिचा शब्द होता 'साक्रिफीसियु'. स्पॅनिशमध्येही तोच, थोडा बदलून 'साक्रिफिसिओ'. साहेबांचा भाचा स्पेनमध्ये आमच्यासारखंच काम करायचा. तिथे म्हणे म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटची सुई दिली तरी याच शब्दाचं क्रियापद, आणि कसाईखान्यातल्या डुकरालाही तेच. "पण मुळात त्यात मरण कुठेच नाही बरं का," साहेब म्हणाले. "जुन्या लॅटिनमधले दोन शब्द आहेत. साकेर म्हणजे देवाचं, आणि फाकेरे म्हणजे करणं. देवाचं करणं, इतकाच अर्थ. मारणं माणसांनी नंतर घुसवलं."

मी म्हटलं, "आमच्याकडेही तसंच आहे, साहेब. पित्राला आपण काकबळी ठेवतो. त्यात कावळा मरत नाही, पोटभर जेवतो."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हातात शेणाचा हातमोजा होता, तो विसरून.

काही वर्षांनी बदल्यांच्या फेऱ्यात आम्ही दोघं पुन्हा एका ठिकाणी आलो, वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. साहेब तालुक्याच्या दवाखान्यात, मी खेड्यांवर. त्या खेड्यांतलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण ज्या बाईबद्दल लिहितो आहे ती अजून तिथे राहते. मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, मागे सागाचं रान आणि रानाच्या तोंडाशी एका जुन्या मोहाच्या झाडाखाली मातामाय. मातामाय म्हणजे शेंदूर लावलेले गोल दगड आणि मातीचे घोडे, दुसरं काही नाही. पण तिच्यासमोरून जाताना सायकलवाला सायकलवरून उतरायचा.

माघाची थंडी होती. पिसाळलेला कुत्रा गावातून गेला, त्याला बरेच दिवस झाले, आता एक वासरू तोंडातून फेस काढून मेलं, असा निरोप आला म्हणून मी गेलो. वासरू पुरून झालं होतं. परत निघालो तर पाळीखालच्या घरातून एक आवाज आला.

बोकडाचा आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. हा बोकडाचा नव्हता. घोगरा, लांबवलेला, मध्येच तुटणारा. कोणीतरी दूरवरून एकाच माणसाला हाका मारतं आणि ते माणूस ओ देत नाही, तसा. मी गाडी बंद केली. भरदुपार होती, ऊन होतं, आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

घर पार्बताबाईचं. नवरा वारलेला, तलावातली मासोळी विकून पोट भरणारी बाई. घरात ती आणि तिची पोर सुमित्रा, असेल दहाअकराची. आदल्या पावसाळ्यात या पोरीला मेंदूत ताप चढला होता, ओळख गेली होती. तेव्हा पार्बताबाईनं मातामायपुढे डोकं आपटून नवस केला होता: पोरगी वाचली तर जीवाबदली जीव देतो. पोरगी वाचली. घरात जन्मलेला बोकड मातामायच्या नावानं राखला. दुसऱ्या दिवशी मातामायची जत्रा, तेव्हाच तो द्यायचा होता.

अंगणात माणसं गोळा झाली होती आणि सगळी खुशीत होती. बोकड खुंट्याशी उभा राहून थरथरत होता. मान, खांदे, पाठ, सगळं अंग.

"पाहा, डाक्टरभाऊ," पार्बताबाई हात जोडून म्हणाली, "अजून पानी बी टाकलं नाई अन अंग झाडून राह्यला. मातामायले घाई झाली!"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाचं बकरं असंच कापत नाहीत. त्याला हळदकुंकू लावतात, देवापुढे उभं करतात आणि पाठीवर पाणी टाकतात. बकऱ्यानं अंग झाडलं तर देवाला मंजूर. नाही झाडलं तर थांबायचं, हात जोडायचे, पुन्हा पाणी टाकायचं. जबरदस्तीनं सुरी लावत नाहीत. जनावराच्या हो-नाहीला इतका मान देणारी रीत आमच्या खात्यातसुद्धा नव्हती.

मी जवळ गेलो. तोंडातून लाळेची तार गळत होती. खुंट्याच्या लाकडाचा त्यानं कुरतडून भुगा केला होता. डोळे माझ्यावर होते, पण मला बघत नव्हते. आणि सुमित्रा त्याच्याजवळ बसून त्याला आंबील भरवत होती. त्याला गिळता येत नव्हतं, म्हणून ही बोटांनी घास पार घशात ढकलत होती. मी तिला खस्सकन मागे ओढलं. हात मनगटापर्यंत ओले, आणि बोटांवर मासोळी चिरताना लागलेल्या ताज्या चिरा.

"कधीपासून भरवून राह्यली तू?"

"कालपासून. त्याले भूक लागते, पन जातच नाई."

पिसाळलेल्या जनावराची लाळ जखमेत गेली की पुढचं माझ्यासारख्याला सांगावं लागत नाही. रोग एकदा डोक्यात चढला की जगातला कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही. चढायच्या आधी सुया घेतल्या तर माणूस वाचतं. मी तिथेच तिचे हात साबणानं रगडून रगडून धुतले. मग पार्बताबाईला सगळं समजावून सांगितलं. बोकड कापायचा नाही, खायचा नाही, आणि पोरीला आत्ताच्या आत्ता गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं.

बोकड न खाण्याला गाव कुरकुरत का होईना तयार झालं. पण पोरीच्या बाबतीत पार्बताबाई अडून बसली.

"नवस फिटल्याशिवाय शीव नाई वलांडता येत, भाऊ. जिच्यासाठी बोललं तिनं तं नाईच नाई. हिचा जीव मातामायचा उधार हाय माह्याजवळ. न देता नेली तं मातामाय रस्त्यातच घेईन तिले."

"अन नाही नेली तर हा रोग घेईल!"

"रोगाच्या हातून मेली तं माह्यं नशीब. मातामायच्या हातून मेली तं माह्यं पाप."

मी रागावलो, ओरडलो, पोलीस पाटलाला बोलवतो म्हणालो. बाई जागची हलली नाही. मागून तो बोकड हाका मारतच होता.

शेवटी पुजारी पुढे आला. इस्तारीभाऊ. वाळक्या शेंगेसारखा म्हातारा, पण डोळा तल्लख. त्यानं बोकडाकडे बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हे झाडनं मातामायचं नोहे. पान्याच्या आधी झाडलं थे रोगाचं, पान्याच्या मागून झाडलं थे तिचं. आपल्या बापजाद्यानं असंच सांगतलं." मग त्यानं तोड काढली. उद्या सकाळी बोकडाला मातामायपुढे न्यायचं, पाणी टाकायचं. अंग झाडलं की मंजूर. सुरीऐवजी डॉक्टरांची सुई. जीव तिथेच जाईल, तिच्यापुढे, म्हणजे नवस फिटला. मग पोरीला खुशाल न्या.

मला वाटलं, सुटलो. एका रात्रीनं बिघडत नाही. पाळीवर चढलो, तिथेच फोनला रेंज यायची, आणि मिनेझिस साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "हुशार आहे तुमचा पुजारी. येतो."

सकाळी तलावावरचं धुकं मोहापर्यंत आलं होतं. सगळं गाव जमलेलं, पण बोलत कोणी नव्हतं, कारण त्या आवाजापुढे बोलणं सुचत नव्हतं. बोकड रात्रभर ओरडून आता पार माणसासारखा ओरडत होता. दोन दोरांनी त्याला आणलं. मोहाशी बांधला तर त्यानं एक दोर चावून तोडला आणि साहेबांच्या अंगावर झेपावला. थोडक्यात वाचले.

"गुंगी दे आधी," साहेब ओरडले.

मी मागून जाऊन सुई टोचली. जशी नेहमी टोचायची तशी. बोकडाचे पाय लुळे पडले, तो खाली बसला, मान जमिनीला लागली. थरथर थांबली. आणि तो आवाज बंद झाला.

कालपासून कानात भरून राहिलेला आवाज एकदम गेला की कसं वाटतं, ते सांगता येत नाही. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. इस्तारीभाऊनं हळदकुंकू वाहिलं, लोटा उचलला आणि बोकडाच्या पाठीवर पाणी टाकलं.

बोकड हलला नाही.

त्यानं पुन्हा टाकलं. पाणी केसांतून खाली मातीत गेलं. काही नाही. तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी साहेबांकडे. गुंगी दिलेलं जनावर अंग झाडत नाही! आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ती आली नव्हती. आम्ही आमची रीत पाळली होती, त्यांनी त्यांची, आणि दोन्ही मिळून पोरीचा रस्ता बंद झाला होता. ती गुंगी उतरायला दुपार झाली असती आणि उतरल्यावर जे थरथरलं असतं ते रोगाचंच.

"मंजूर नाई," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. पार्बताबाई खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

इस्तारीभाऊनं तिसऱ्यांदा पाणी घेतलं. या वेळी लोट्याला भलताच हिसका बसला, अर्धं पाणी बोकडावर आणि अर्धं बाजूला उडालं. बाजूला सुमित्रा उभी होती. मी बोकडाच्या पाठीकडे टक लावून पाहत होतो, एखादा केस तरी हलतो का म्हणून. तेवढ्यात बायांमधून एक श्वास आत ओढल्याचा आवाज झाला आणि मी मान वर केली.

सुमित्रा अंग झाडत होती.

थंडीनं माणूस कुडकुडतं तसं ते नव्हतं. मी हे काम जन्मभर केलं आहे, मला फरक कळतो. आधी मान, मग खांदे, मग पाठीवरून खाली लहर जाते आणि शेवटी पाय. जनावर झाडतं तसंच, त्याच क्रमानं. डोळे उघडे, चेहऱ्यावर काही नाही. मग ती थांबली आणि स्वस्थ उभी राहिली.

पार्बताबाईची किंकाळी मला अजून ऐकू येते. पोरीला पोटाशी धरून ती मातामायला शिव्या देऊ लागली, "बकरा देल्ला नं तुले! बकरा देल्ला!" लोक मागे सरकले. माझ्या मनात आलं, आता ही माणसं काय करतील कोण जाणे. मी साहेबांचा दंड धरला.

इस्तारीभाऊनं लोटा खाली ठेवला. चालत पार्बताबाईपाशी आला आणि तिच्यावर असा डाफरला की धुकंसुद्धा हललं असेल.

"चूप राह्य! घेतली म्हंजे मारली असं कोनं सांगतलं तुले? बकरा घेतला असता तं बकरा तिचा. पोरगी घेतली तं पोरगी तिची. आता ते तुही नाई. तू कोन तिले रोकनारी? अन शीव कोनाची? मातामायची. मंग तिच्या पोरीले कायची शीव?" आणि आमच्याकडे वळून, "डाक्टर, काऊन उभे? नेऊन राह्यले का नाई आमच्या मायच्या पोरीले?"

साहेबांनी दुसरी सुई दिली. बोकड सुटला. नियमाप्रमाणे अशा जनावराचं डोकं तपासणीला पाठवायचं असतं, रोगाची खात्री फक्त मेंदूतून होते. साहेबांनी तसं म्हणताच म्हातारा म्हणाला, "मुंडकं देवाचं असते. बाकी अंग माणसाचं, थे बी तुमी खाऊ नाई देल्लं. मुंडकं नाई भेटत." साहेब म्हणाले, "राहू दे." खोल खड्डा खणून, चुना टाकून, अख्खा बोकड मोहाखाली पुरला. त्यामुळे तो खरंच पिसाळला होता याचा पुरावा कुठेही नाही. लक्षणं सगळी होती, मला शंका नाही. पण पुरावा नाही, हेही खरं.

जीपमध्ये मागे पार्बताबाई पोरीला घट्ट धरून बसली होती. गावाच्या शिवेचा दगड आला तेव्हा तिनं डोळे मिटले. दगड मागे गेला. पोरीला काही झालं नाही. साहेब समोर बघत मला म्हणाले, "माझ्या आजीचा शब्द मला आज कळला रे. देवाचं करणं. म्हाताऱ्यानं पोरीला देवाची केली आणि वाचवली."

सुमित्रा वाचली. सगळ्या सुया झाल्या, मायलेकींच्या दोघींच्या. आम्ही तेव्हा फार खूश होतो. साहेब तर ही गोष्ट पुढे कित्येकांना सांगायचे.

ती गोष्ट तिथे संपत नव्हती, हे हळूहळू दिसत गेलं. गावानं पोरीला मान दिला, इतका की तिच्या वाट्याला दुसरं काही उरलं नाही. लग्नात पहिलं ताट तिला, पण वेगळं, भिंतीशी. पेरणीआधी तिच्या पायावर पाणी घालायचे. पण "चाल वो सुमे, मोहं वेचाले जाऊ" म्हणणारी मैत्रीण एक नाही. वयात आली तर मागणी आली नाही. मातामायच्या पोरीला कोण मागणार? आणि जनावरं! म्हैस असो की मारका गोऱ्हा, तिनं पाठीवर हात ठेवला की पुतळा. मी माझ्या गुडघ्याकडे बघायचो. पुढे गावोगावच्या बायांना पशुसखी म्हणून लस टोचायला शिकवायचं निघालं, तेव्हा मी तिचं नाव घातलं. शिकवणी तालुक्याला होती. ती आली नाही. मायला सोडवत नसेल म्हणून मीच गावात जाऊन तिला शिकवलं. आठवड्यात माझ्यापेक्षा हलक्या हातानं टोचायला लागली.

साहेब निवृत्त होऊन गोव्याला गेले. एकदा फोनवर मी त्यांना सुमित्राचं असं असं आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "मी तुला त्या शब्दाचं अर्धंच सांगितलं होतं. मलाच पुढे वाचताना कळलं. साकेरचा अर्थ देवाचा, आणि त्याच शब्दाचा अर्थ माणसांतून उठलेला, शापितही. ज्याला देवाचं केलं त्याला पुन्हा माणसात घेता येत नाही." त्यांचा आवाज थकलेला होता.

गेल्या माघात नदीपलीकडे एका लग्नाला गेलो होतो, परतताना त्या गावाकडे गाडी वळवली. इस्तारीभाऊ कधीच गेला. पार्बताबाई आदल्या दिवाळीत गेली, ते मला तिथे कळलं. सुमित्रा अंगणात मासोळी साफ करत बसली होती, भोवती शेळ्या. केसांत पांढरं दिसायला लागलं आहे. तिनं चहा केला. आईचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "डाक्टरभाऊ, एक सांगू? माय होती तवरोक कोनाले सांगतलं नाई."

"सांग ना."

"त्या दिवशी बकरा उठून नव्हता राह्यला, माय रडून राह्यली होती. मले वाटलं, कोनीतरी अंग झाडल्याशिवाय हे काई सुटत नाई. मंग मी ठरवलं, आता पानी पडलं का मीच झाडतो."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं जे छातीवर होतं ते उतरलं. मी हसलोच. "अगं लबाड पोरी! म्हणजे तू मुद्दाम केलं! अन आम्ही सगळे..."

ती हसली नाही.

"ठरवलं होतं, भाऊ. पन मी झाडायच्या आधीच अंग झाडल्या गेलं. पानी मंग पडलं माह्या अंगावर. सारे बकऱ्याकडं पाहून राह्यले होते, कोनाले दिसलं नाई. इस्तारीभाऊले दिसलं."

मला ते कळायला वेळ लागला. पाण्याच्या आधी झाडलं ते रोगाचं, पाण्याच्या मागून झाडलं ते तिचं. म्हाताऱ्यानंच सांगितलेलं, सगळ्या गावासमोर. म्हणजे मातामायनं तिला घेतलंच नव्हतं. म्हातारा पोरीला दवाखान्यात धाडण्यासाठी खोटं बोलला. बोकड मंजूर नाही, पोर मंजूर नाही, नवस तसाच राहिला. आणि ही एवढीशी पोर हे तेव्हापासून जाणून होती.

"मग बोललीस का नाहीस? एका शब्दानं तुझं आयुष्य..."

"अन माय? नवस फिटला म्हनून झोपत होती माय. सांगतलं असतं तं रोज रात्री माह्या नाकाशी हात धरून पाह्यलं असतं तिनं, श्वास हाय का नाई म्हनून. मी तापात होतो तवा पाहेच तशी."

"आता तर माय नाही. आता सांग गावाला. मी येतो सोबत."

"मंग गाव म्हनन, बकरा दे." तिनं बाजूच्या शेळीच्या पाठीवर हात ठेवला. शेळी डोळे मिटून उभी राहिली. "यातला कोनता देऊ? राहू द्या. उधारी माह्या जीवाची हाय, मीच देऊन राह्यलो. रोज थोडी थोडी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी उठलो. ती पोचवायला निघाली, मागे शेळ्या. मी गाडी हातानं ढकलत तिच्यासोबत चाललो. ऊन छान पडलं होतं. शिवेच्या दगडाशी आल्यावर मी बोलत बोलत चार पावलं पुढे गेलो आणि माझ्या लक्षात आलं की शेजारी कोणी नाही.

ती दगडाच्या अलीकडे थांबली होती. शेळ्याही थांबल्या होत्या, तिच्या दोन्ही बाजूंना, एका ओळीत.

"चल की सडकेपर्यंत," मी म्हटलं.

"जा तुमी, भाऊ," ती म्हणाली. "सुया झाल्या तवापासून मी इथवरच येतो."